जुन्या जीपगाड्यांची घरगुती देखभाल

जुन्या जीपगाड्यांची घरगुती देखभाल म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणाऱ्या, विलीज धाटणीच्या जुन्या वाहनांची मालकाने साध्या हत्यारांनी केलेली तपासणी, स्वच्छता, वंगण व किरकोळ दुरुस्ती होय. या लेखात मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या परिस्थितीस अनुसरून माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. या कंपनीने मुंबईत अमेरिकेतील विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी या प्रकाराचे उत्पादन परवान्याखाली भारतात होऊ लागले. अमेरिकेत सीजे-३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले; भारतात मात्र त्याच आराखड्यावर आधारलेल्या गाड्या नंतरही अनेक वर्षे तयार होत राहिल्या. आरंभीच्या गाड्यांत सुमारे २.२ लिटर क्षमतेचे चार सिलिंडरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन असे. नंतर डिझेल इंजिने आली. एमएम ५४० या गाडीतील प्यूजो धाटणीचे डिझेल इंजिन २,११२ घन सेंटिमीटर क्षमतेचे होते.

रचना

या गाड्यांचा सांगाडा (चासी) व वरचा पत्र्याचा भाग वेगवेगळे असून ते बोल्टने जोडलेले असतात. पुढील व मागील आस पोलादी कमानपाट्यांवर टेकलेले असतात. संगणकीय नियंत्रण नसल्यामुळे बिघाड डोळ्यांनी, कानांनी व हाताने शोधता येतो. घरगुती दुरुस्ती शक्य होते ती याच कारणामुळे.

प्रादेशिक परिस्थितीचा परिणाम

गोदावरी व मांजरा नद्यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते व चिकट होते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाणंद रस्त्यांवर बारीक धूळ उडते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अनेक ठिकाणी विंधन विहिरींचे पाणी क्षारयुक्त असते. त्यामुळे धूळ, चिखल, उष्णता व क्षार हे येथील जुन्या गाडीचे चार प्रमुख शत्रू ठरतात.

नियमित देखभाल

हवेची गाळणी : अनेक जुन्या जीपमध्ये तेलाच्या वाटीची गाळणी असते. हवेतील धूळ या तेलात अडकते. तळाशी गाळ साचताच वाटी धुऊन खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. जादा भरलेले तेल इंजिनात ओढले जाते. डिझेल इंजिन अशा वेळी ते तेलच जाळून अनावर वेगाने फिरू लागण्याचा धोका असतो.

शीतन : रेडिएटरमध्ये क्षारयुक्त पाणी भरल्यास नळ्यांत पुटे चढतात आणि इंजिन तापू लागते. शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळून वापरावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

इंधन : टाकी रिकामी झाल्यास किंवा डिझेल फिल्टर बदलल्यास नळीत हवा अडकते व इंजिन सुरू होत नाही. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागल्यावर स्क्रू आवळावा.

चिखल व पाणी : ओढ्याच्या खोल पाण्यातून गाडी गेल्यास गिअरपेटी व डिफरन्शियलचे तेल तपासावे. दुधाळ दिसणारे तेल पाणी शिरल्याची खूण असते, ते बदलावे. कमानपाट्यांच्या सांध्यांना ग्रीस द्यावे, यू-बोल्ट आवळलेले आहेत का ते पाहावे आणि पुढच्या चाकांजवळील गोलाकार सांध्यांवरील माती वाळण्यापूर्वी काढावी.

चारचाकी गती : या गाड्यांत पुढील व मागील आसांमध्ये फरक सामावून घेणारी मधली यंत्रणा नसते. वळताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. मऊ मातीत चाके थोडी घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ताण दातेरी चाकांवर येतो. म्हणून तेथे चारचाकी गती वापरू नये. चारही टायर एकाच मापाचे असावेत.

सुरक्षितता

जुन्या विलीज रचनेत चारही चाकांच्या ब्रेकना एकाच मुख्य सिलिंडरमधून तेल पुरवले जाते. एका ठिकाणी गळती झाली तरी चारही चाकांचे ब्रेक निकामी होऊ शकतात. त्यामुळे ब्रेक तेलाची पातळी वारंवार पाहावी व ओलसर दिसणाऱ्या चाकाकडे दुर्लक्ष करू नये.

या रचनेत हातब्रेक चाकांवर नसून मागील प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलल्यास डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. म्हणून गाडी सपाट, घट्ट जमिनीवर उभी करावी, जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात आणि केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नये. काळ्या मातीवर जॅक रुतत असल्याने त्याखाली जाड फळी ठेवावी.

ब्रेकची पुनर्बांधणी, स्टीअरिंगचे सांधे, सांगाड्याचे वेल्डिंग व इंधन पंपाची जुळणी ही कामे अनुभवी मेस्त्रीकडेच द्यावीत. वापरलेले तेल जमिनीवर किंवा विहिरीजवळ ओतू नये.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते; त्यानंतर तपासणी करून ती एका वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. नांदेड येथील परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेतांक एमएच-२६, तर लातूरचा एमएच-२४ आहे. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये मनाई असून जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद अधोरेखित केली. त्यामुळे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्यासारखा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय करता येत नाही.

२०२१ मधील केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. अशी वाहने दैनंदिन किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. यास्तव शेतीच्या व दळणवळणाच्या कामात असलेल्या जीपसाठी नियमित नूतनीकरण हाच मार्ग लागू पडतो.