मुखपृष्ठावरचा समुद्र

वाचकहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. आपले पाणी विहिरीचे, पैनगंगेचे, नाहीतर लोणारचे खारे. मग इतिहासाचा एक मास्तर समुद्राच्या पोटातली छायाचित्रे मांडून का बसला, असे तुम्हांला वाटेल. सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकवतो. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून माणसाला पाण्याखाली नेतो. आपल्या भागातून येणाऱ्या पर्यटकांसाठी त्याने मराठीत एक लहानशी मार्गदर्शिका लिहिली आहे. दिवाळीत गावी आला, तेव्हा मुखपृष्ठासाठी त्याने तीन छायाचित्रे माझ्यापुढे ठेवली. पहिल्यात निळ्याशार पाण्यात तरंगणारे कासव. दुसऱ्यात लाल-पिवळे मासे. तिसऱ्यात हिरवट पाणी, मागे सिंधुदुर्गाचा तट, होडीला धरून राहिलेला एक नवशिका, आणि त्याच्या टाकीतला हवेचा दाब तपासणारा शिक्षक.

"सर, पह्यलंच ठेवतो. हे पाह्यलं का मानूस पुस्तक उचलतेच!"

"अरे, पण हे मालवणचं आहे का?"

"नाही सर. अंदमानचं आहे."

आता पाहा, ताम्रपट असो की बखर, इतिहासाचे साधन हाती आले की आपण काही प्रश्न विचारतो. हे कोठले? केव्हाचे? कसे तयार झाले? छायाचित्राला मात्र आपण काहीच विचारीत नाही. डोळ्यांना दिसले, म्हणजे खरे! पहिल्याच प्रश्नाला कासवाचे चित्र बाद झाले.

मग 'कसे' या प्रश्नाकडे वळू. १८५६ साली इंग्लंडमधील वेमथ येथे विल्यम थॉम्प्सन यांनी पेटीत घातलेला कॅमेरा समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले आणि काचेवर जेमतेम अंधूक चित्र उमटले. १८९३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर लुई बूताँ हे शास्त्रज्ञ स्वतः पाण्यात उतरून छायाचित्रे घेऊ लागले. अडचण होती ती उजेडाची. १९२६ साली अमेरिकेतील फ्लॉरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालची रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा पृष्ठभागावर तराफा ठेवून मॅग्नेशियमची पूड भडकवावी लागली. कारण पाणी रंग गिळते, आणि सर्वांत आधी गिळते तो तांबडा. काही मीटर खाली गेले की लाल मासा काळपट दिसू लागतो. छायाचित्रातला लाल रंग उजळतो तो बहुधा कॅमेऱ्याच्या दिव्याने. म्हणजे दुसरे चित्र खोटे नव्हे. पण दिव्याशिवाय उतरणाऱ्याला ते रंग तसे दिसायचे नाहीत.

उरला 'केव्हा'. त्यासाठी लांब जायला नको. जून २०२० मध्ये आपले लोणार सरोवर गुलाबी झाले. त्याची छायाचित्रे देशभर गेली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पुढे तो ओसरला. चित्रे अगदी खरी! पण ती पाहून आज कोणी लोणारच्या काठावर उभा राहिला, तर त्याला एरवीचे हिरवे पाणीच दिसण्याचा संभव अधिक. खरे चित्रही तारखेवाचून फसवते, ते असे.

तुम्ही म्हणाल, फसला तर फसला. चार पैसे गेले, एवढेच ना? लोणारच्या काठावर एवढेच. पाण्याखाली तसे नाही, बरं का. माझा विद्यार्थी सांगत होता : "निळं पाणी मनात धरून आलेला माणूस गढूळ पाणी दिसलं का घाबरतो, सर. श्वास कोंडून वर सुटतो." श्वास कोंडून वर येणे हाच मोठा धोका. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. एका चित्राने दिलेली खोटी अपेक्षा अशी जिवावर बेतू शकते.

"मग तिसरंच का, सर?" तो म्हणाला. "पण त्यात तं काहीच नाही!"

"कसं नाही? तुझं पाणी आहे, तुझा किल्ला आहे. आणि उतरण्याआधी काय करायचं, तेही आहे."

तो बराच वेळ गप्प होता. पोटाचा प्रश्न त्याचा होता, माझा नव्हता. पुस्तिका विकली गेली नाही, तर छपाईचा खर्च त्याच्याच अंगावर. अखेर ठरले : तिसरे मुखपृष्ठावर, मासे आत, 'दिव्याच्या उजेडात घेतलेले' अशा ओळीसह, कासव परत पाकिटात.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात पाठ्यपुस्तकातले एखादे चित्र उघडा आणि मुलांना हे तीन प्रश्न विचारून पाहा. उत्तर आले नाही, तरी चालेल. विचारायची सवय लागू द्या.

जाता जाता तो दारातून परत फिरला. "सर, मुखपृष्ठावर महिनाही टाकू का? पावसाळ्यात तं आम्ही कोणाला उतरवतच नाही."

म्हटले, "टाक की!"