दुर्गम शाळांतील सौरवीज आणि बॅटरीचा हिशेब

सातपुड्यातील धडगाव व अक्कलकुवा, मेळघाटातील चिखलदरा व धारणी, गडचिरोलीतील भामरागड या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा मुख्य गावापासून दूर, पाड्यांवर भरतात. तेथवर उच्चदाब वाहिनी नेण्याचा खर्च किलोमीटरमागे काही लाखांच्या घरात जातो. वनजमीन आडवी आली की परवानगीचा काळ वेगळाच. वाहिनी पोहोचली तरी पावसाळ्यात झाड कोसळल्यावर दुरुस्ती केव्हा होईल, हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी सौरऊर्जा हाच बहुधा स्वस्त पर्याय ठरतो.

दोनशिक्षकी शाळेची गरज मुळात अल्प. प्रत्येकी २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब, ३० वॅटचे दोन पंखे, १०० वॅटचा टीव्ही आणि ५० वॅटचा लॅपटॉप मिळून भार २९० वॅट होतो. रोज पाच तास हे सारे चालले तरी खप दीड युनिटच्या आतच राहतो. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. म्हणजे अर्धा किलोवॅट पुरतो. २०१० ते २०२० या दशकात पॅनेलच्या किमती ८० टक्क्यांहून अधिक उतरल्या. शिवाय शाळा भरते दिवसा, त्यामुळे घराप्रमाणे रात्रीसाठी मोठा साठा करावा लागत नाही.

मात्र शाळेचे वर्ष आणि उन्हाचे वर्ष जुळत नाही. मे महिन्यात ऊन कडक, तेव्हा वर्गांना कुलूप. शाळा उघडते ती आभाळ भरून येते तेव्हा, आणि दिव्यांची गरजही त्याच महिन्यांत अधिक. त्यामुळे लहान का होईना, बॅटरी लागतेच, आणि गणित बिघडते ते तेथे. पॅनेल २५ वर्षे टिकते. लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षे. सुटीत तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायला कोणी नसेल, तर त्याहूनही कमी. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला बारा-पंधरा हजार रुपये पडतात.

उभारणीचा पैसा आमदार निधीतून किंवा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून मिळतो. उद्घाटनाची छायाचित्रेही छापून येतात. चौथ्या वर्षीच्या बॅटरीचे उद्घाटन होत नाही. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेचे वार्षिक संयुक्त अनुदान १० हजार रुपयांचे आहे. स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य सारे त्यातच. बॅटरी बंद पडली की छपरावरचे धडधाकट पॅनेलही निकामी ठरते.

म्हणून निविदेतच किमान पाच वर्षांची देखभाल आणि एकदा बॅटरी बदलून देण्याची अट घालणे, आणि त्यानंतरसाठी शाळेमागे दरसाल चार हजार रुपये तालुका पातळीवर राखून ठेवणे आवश्यक आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी दहा वर्षांच्या आसपास टिकते आणि तिला पाणी लागत नाही. दुर्गम पाड्यासाठी तीच अंती किफायतशीर. दुरुस्तीचा प्रश्न राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने वेगळ्या रीतीने सोडविला. अल्पशिक्षित ग्रामीण महिलांना तेथे सौरयंत्रणा जोडण्याचे व दुरुस्तीचे प्रशिक्षण दिले गेले. पाड्यावरच अशी एक जाणकार व्यक्ती असली, तर जळालेल्या फ्यूजसाठी जिल्ह्याच्या गावाहून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहावी लागणार नाही.