मुद्दल मध्यवर्ती, खर्च गावोगावी : अमेरिकेतील एल्क्स संघटनेच्या धर्मादाय निधीचा इतिहास

‘बेनेव्हलंट अँड प्रोटेक्टिव्ह ऑर्डर ऑफ एल्क्स’ ही अमेरिकेतील बंधुसंघटना 1868 साली न्यूयॉर्क शहरात स्थापन झाली. तिच्या दानकार्याचा पैसा सांभाळणारे ‘एल्क्स नॅशनल फाउंडेशन’ त्यानंतर साठ वर्षांनी, 1928 साली उभे राहिले. आपल्याच सभासदांना अडीअडचणीत हात देणारे मंडळ या काळात देशभरच्या गावांना अनुदान देणारी संस्था कसे बनले, याचा मागोवा घेतला की अमेरिकेतील सार्वजनिक दानाच्या इतिहासाचा एक मोठा भाग उलगडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बंधुसंघटनांचे पीक आले होते. फ्रीमेसन आणि ऑड फेलोज या ब्रिटनमधून आलेल्या जुन्या संघटना होत्याच. 1868 सालीच पेनसिल्व्हेनियात ‘एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन’ सुरू झाली आणि 1882 साली न्यू हेवन येथे कॅथलिकांची ‘नाइट्स ऑफ कोलंबस’. गुप्त विधी, शपथ, पदांची उतरंड, दर आठवड्याची बैठक हे या संघटनांचे बाह्य रूप होते. त्यामागची गरज मात्र रोकडी होती. सरकारी निवृत्तिवेतन नव्हते, आजारपणाचा विमा नव्हता. कर्ता माणूस गेला तर बायकामुलांना चर्च, शेजारी किंवा अनाथालय यांच्यापलीकडे आधार नसे. वर्गणी भरणाऱ्या सभासदाचे अंत्यसंस्कार आणि त्याच्या विधवेला मदत हे लॉजचे पहिले कर्तव्य मानले जाई. लॉज म्हणजे संघटनेची गावातली शाखा.

एल्क्सचा उगम याहून हलक्याफुलक्या कारणातून झाला. 1867 साली चार्ल्स व्हिव्हियन हा इंग्लिश गायक-नट न्यूयॉर्कला आला. शहरातली मद्यगृहे रविवारी बंद ठेवण्याचा कायदा तेव्हा लागू होता आणि नाटकमंडळींना सुट्टीचा वार तेवढाच मिळे. रविवारी कुणाच्या तरी बिऱ्हाडी जमून गाणी, नकला आणि मद्यपान करणारी एक टोळी व्हिव्हियनभोवती तयार झाली. बुचाचा एक खेळ खेळून नवख्याला फसवायचे आणि त्याच्या खर्चाने प्यायचे, ही त्यांची गंमत. त्यावरून त्यांनी स्वतःला ‘जॉली कॉर्क्स’ असे नाव दिले होते. 1867च्या नाताळाच्या सुमारास यांतला एक सोबती वारला. त्याच्या घरात काहीच शिल्लक नव्हते. नटांचा धंदाच असा, की आज टाळ्या आणि उद्या उपासमार. मदतीची कायमची व्यवस्था हवी, हा विचार तेव्हा पुढे आला आणि 16 फेब्रुवारी 1868 रोजी नव्या संघटनेची स्थापना झाली. नाव ‘बफेलो’ ठेवावे की ‘एल्क’, यावर मतदान झाले. सात विरुद्ध आठ मतांनी एल्क या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाची सरशी झाली.

सुरुवातीचा निधी नाटकवाल्यांनी त्यांच्या धंद्याच्या रीतीनेच उभा केला. मदतीसाठी खास प्रयोग लावायचे आणि त्याचे उत्पन्न फंडात टाकायचे. 1871 साली मध्यवर्ती ‘ग्रँड लॉज’ स्थापन झाले आणि दुसरी शाखा फिलाडेल्फियात निघाली. नाटक कंपन्या रेल्वेने गावोगाव फिरत, त्यांच्यामागोमाग संघटनाही पसरली. नटांखेरीज व्यापारी, वकील, डॉक्टर, नगरसेवक असे लोक येऊ लागले, तसा तिचा रंग बदलला. एका शहरात एकच लॉज, हा नियम पडल्याने एल्क्सचे लॉज हे त्या त्या गावच्या प्रतिष्ठितांचे मंडळ बनले. नाताळात गरीब घरांना अन्नाच्या टोपल्या वाटणे हा त्याचा वार्षिक शिरस्ता झाला. वृद्ध सभासदांसाठी 1903 साली व्हर्जिनियातील बेडफर्ड येथे ‘एल्क्स नॅशनल होम’ उघडण्यात आले. तोवर दानाचा मुख्य ओघ आपल्या माणसांकडेच होता.

पहिल्या महायुद्धाने हे वर्तुळ रुंदावले. 1917 साली संघटनेने युद्धमदत समिती नेमली आणि तिच्यासाठी लॉजांकडून मोठा निधी गोळा केला. अमेरिकन सैन्याबरोबर फ्रान्सला गेलेल्या दोन तळ-रुग्णालयांचा साजसरंजाम या पैशातून झाला. त्यांतले एक व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आणि दुसरे ओरेगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी चालवले. बॉस्टनमध्ये जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी 700 खाटांचे रुग्णालय बांधून सरकारच्या स्वाधीन करण्यात आले. युद्धातून परतलेल्या अपंग सैनिकांना सरकारी प्रशिक्षणभत्ता मिळेपर्यंत संघटनेने कर्जाऊ रकमा दिल्या. युद्धात मरण पावलेल्या हजारावर सभासदांचे भव्य स्मारक शिकागोत 1926 साली खुले झाले. याच वास्तूत आज फाउंडेशनचे कार्यालय आहे.

युद्धकाळातील अनुभवाने दोन गोष्टी दाखवून दिल्या. एकेका लॉजच्या आवाक्याबाहेरचे काम एकत्र निधीतून सहज होते, ही एक. संकट आले की झोळी फिरवायची आणि ते ओसरले की फंड रिकामा, ही पद्धत टिकाऊ नाही, ही दुसरी. 1927-28मध्ये संघटनेचे सर्वोच्च पद मॅसॅच्युसेट्समधील वकील जॉन मॅली यांच्याकडे होते. त्यांनी कायमच्या निधीची योजना मांडली आणि 1928च्या अधिवेशनाने ती स्वीकारली. ग्रँड लॉजने पहिली रक्कम म्हणून 1,00,000 डॉलर दिले. मुद्दलाला हात लावायचा नाही, गुंतवणुकीचे उत्पन्न तेवढे खर्चायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून ठरला. पुढे अनेक वर्षे मॅली हेच विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष राहिले.

असा विचार करणारे एल्क्स एकटेच नव्हते. रोटरीचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी 1917 साली तशीच कल्पना मांडली होती. तिच्यात पडलेली पहिली देणगी अवघी 26.50 डॉलरची होती आणि त्या निधीला ‘रोटरी फाउंडेशन’ हे नाव 1928 सालीच मिळाले. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही रोटरी आणि लायन्स क्लबांची शिबिरे परिचयाची आहेत. हे सेवाक्लब बंधुसंघटनांच्या नंतरच्या पिढीतले. त्यांनी गुप्त विधी आणि शपथा टाकून दिल्या, पण साप्ताहिक बैठक, गावागणिक शाखा आणि मध्यवर्ती निधी ही चौकट कायम ठेवली.

निधी उभा राहिल्याच्या दुसऱ्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि देश महामंदीत लोटला गेला. फक्त उत्पन्नावर चालायचे असल्याने फाउंडेशनची सुरुवातीची पावले लहान होती. त्याने पैसा प्रामुख्याने दोन वाटांनी सोडला. पहिली वाट शिष्यवृत्त्यांची. 1930च्या दशकात सुरू झालेली ‘मोस्ट व्हॅल्युएबल स्टुडंट’ स्पर्धा आजही चालते. शालान्त वर्षातील विद्यार्थ्यांतून दरवर्षी 500 जणांना महाविद्यालयाच्या चार वर्षांसाठी मदत मिळते. अर्जदार सभासदाच्या घरातला असण्याची अट नाही. मृत किंवा कायमचे अपंग झालेल्या सभासदांच्या मुलांसाठी वेगळी योजना ठेवली आहे, ती जुन्या कर्तव्याची खूण म्हणता येईल.

दुसरी वाट राज्यसंघांची. प्रत्येक राज्यातल्या लॉजांनी मिळून एक मोठे काम निवडायचे आणि फाउंडेशनने त्याला दरवर्षी हातभार लावायचा. पोलिओची धास्ती असलेल्या त्या काळात बहुतेकांनी अपंग मुलांचे काम निवडले. फ्लोरिडातील उमाटिला येथे अशा मुलांसाठी ‘हॅरी-अ‍ॅना’ रुग्णालय चालले. आयडाहो राज्याच्या एल्क्सनी 1947 साली बॉयसी येथे मुलांचे उपचारगृह उघडले. पुढे त्याचे पुनर्वसन रुग्णालय झाले. कॅलिफोर्निया व हवाई यांच्या संघाने 1950 साली सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचे काम घेतले. या योजनेत उपचारतज्ज्ञ गाडी घेऊन थेट घरी जात. दूरच्या शेतावर किंवा डोंगराळ वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाला शहरातल्या दवाखान्याचे हेलपाटे घालावे लागू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. सभासदांच्या घरी ठेवलेले जांभळ्या डुकराच्या आकाराचे गल्ले हे या योजनेच्या पैशाचे प्रसिद्ध साधन. लॉजच्या बैठकीत ते रिकामे करून चिल्लर जमा होई.

दानाचा हा इतिहास लिहिताना दान कुणाकडून कुणाला, हे विचारावेच लागते. एल्क्सच्या घटनेनुसार सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांना खुले होते. 1898 साली सिनसिनाटी येथे आर्थर रिग्ज आणि बेंजामिन हॉवर्ड या कृष्णवर्णीयांनी स्वतःची एल्क्स संघटना काढली. मूळ संघटनेने आपल्या विधिग्रंथाचा स्वामित्वहक्क नोंदवलाच नव्हता. रेल्वेत नोकरी करणाऱ्या रिग्ज यांनी तो स्वतःच्या नावे नोंदवून घेतला. गोऱ्या एल्क्सनी कोर्टात धाव घेतली आणि 1912 साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कृष्णवर्णीय संघटनेला ते नाव व चिन्ह वापरण्यास मनाई केली. संघटना मात्र वाढतच गेली. 1925 साली तिने शिक्षण विभाग उघडला आणि शिष्यवृत्त्या व वक्तृत्वस्पर्धा सुरू केल्या. जॉर्जिया राज्यातील डब्लिन येथे 1944 साली झालेल्या अशाच एका स्पर्धेत पंधरा वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी राज्यघटना आणि कृष्णवर्णीय या विषयावर भाषण केले. परतीच्या प्रवासात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशांसाठी सोडून त्यांना आणि त्यांच्या शिक्षिकेला उभ्याने अटलांटा गाठावे लागले. मूळ संघटनेतील वर्णाची अट 1973 साली गेली आणि पुरुषांपुरते सभासदत्व 1995 साली संपले. तोवर फाउंडेशनच्या पैशाचा लाभ कुणालाही मिळू शकत असला, तरी तो कुणी वाटायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत गावातले निम्म्याहून अधिक लोक बसू शकत नव्हते.

1972 साली एल्क्सची ‘हूप शूट’ ही बास्केटबॉलची स्पर्धा राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली. आठ ते तेरा वर्षांच्या मुलामुलींनी प्रत्येकी पंचवीस फ्री थ्रो टाकायचे, असे तिचे साधे रूप आहे. गावाच्या लॉजपासून सुरू होऊन ती अंतिम फेरीपर्यंत जाते आणि तिचा खर्च फाउंडेशन उचलते. याच सुमारास संघटना संख्येने शिखरावर होती. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात सभासद सुमारे 16 लाख होते. नंतर उतरती कळा लागली. दूरदर्शन, लांबलेला कामाचा प्रवास, नोकरी करणाऱ्या स्त्रिया, बदललेल्या करमणुकी अशी अनेक कारणे सांगितली जातात. अमेरिकी सामाजिक जीवनाच्या या ओहोटीवर रॉबर्ट पटनम यांनी 2000 साली ‘बोलिंग अलोन’ हा बहुचर्चित ग्रंथ लिहिला. आता एल्क्सची संख्या शिखराच्या निम्म्यावर आली आहे.

सभासद घटत असताना निधी मात्र वाढत गेला. मुद्दल न मोडण्याचा नियम, सभासदांची मृत्युपत्रे आणि शेअर बाजाराची दीर्घकाळची चढण यांमुळे 1,00,000 डॉलरचे मुद्दल काही दशकांत कोट्यवधी डॉलरांवर गेले. या पैशाचा उपयोग लॉज जिवंत ठेवण्यासाठीही व्हावा, अशी रचना एकविसाव्या शतकात करण्यात आली. राज्यसंघांच्या मोठ्या कामांबरोबर फाउंडेशन थेट गावच्या लॉजला अनुदान देऊ लागले. ‘बीकन’ अनुदान कोणत्याही लॉजला वर्षभर चालणाऱ्या कामासाठी मागता येते. ‘ग्रॅटिट्यूड’ अनुदान फाउंडेशनला ठरलेल्या दराने दरडोई देणगी देणाऱ्या लॉजला मिळते. ‘इम्पॅक्ट’ हे मोठे अनुदान स्पर्धेतून दिले जाते. पहिल्या दोन प्रकारांतील रक्कम काही हजार डॉलरांचीच असते.

या अनुदानांच्या अटी रकमेपेक्षा महत्त्वाच्या आहेत. काय करायचे ते लॉजने ठरवायचे, कारण गावाची गरज गावालाच कळते. पैसा लॉजच्या इमारतीवर किंवा सभासदांच्या मेजवानीवर खर्च करता येत नाही. ‘बीकन’सारख्या अनुदानात दुसऱ्या संस्थेच्या हाती नुसता धनादेश देऊन मोकळे होता येत नाही, सभासदांनी स्वतः कामात उतरले पाहिजे. म्हणून या पैशातून होणारी कामे लहान आणि हाताने करण्याजोगी दिसतात. शाळेत जेवण मिळणाऱ्या गरीब मुलांना शनिवार-रविवारसाठी खाऊच्या पिशव्या भरून देणे, हिवाळ्यात कोट आणि बूट वाटणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना जेवायला बोलावणे, अशी ती आहेत. रस्त्यावर राहणाऱ्या माजी सैनिकाला सरकारी योजनेतून घर मिळाले, तरी आत भांडे नसते की गादी नसते. तो संसार उभा करून देण्याचे काम अनेक लॉजांनी केले. त्यासाठी 2010च्या दशकात फाउंडेशनने वेगळी रक्कम राखून ठेवली होती.

सरकारी सामाजिक सुरक्षा अमेरिकेत 1935च्या कायद्याने आली आणि विधवा, वृद्ध, अपंग यांच्या निर्वाहाचा मोठा भार तिने उचलला. बंधुसंघटनांचे मूळ प्रयोजन त्यामुळे संपले आणि अनेक संघटना नावापुरत्या उरल्या. एल्क्स टिकले, कारण त्यांनी 1928 सालीच आपल्या दानाचे तोंड सभासदांकडून गावाकडे वळवले होते आणि त्यासाठी न आटणारा निधी बाजूला काढला होता. मात्र या निधीच्या अटीच अशा आहेत, की खर्च करायला गावात माणसे लागतात. जिथे लॉज बंद पडते तिथे अनुदानही थांबते. अशा संस्थेचे खरे मुद्दल सभासद हेच आहे आणि बाजारातल्या गुंतवणुकीने ते वाढवता येत नाही.