भूक की मद्य? यकृताच्या पेशीने दिलेले उत्तर

चेन्नईतील जॉर्ज टाउनच्या उत्तर सीमेलगत असलेले स्टॅन्ली रुग्णालय जुन्या रहिवाशांच्या तोंडी 'कांजी तोट्टी', म्हणजे पेजेच्या हौदाचे रुग्णालय आहे. १७८२ च्या दुष्काळात, हैदर अलीशी युद्ध सुरू असताना, येथे मोनेगार चौल्ट्री हे अन्नछत्र उघडले गेले. त्याच परंपरेतून दवाखाना वाढला आणि १९३८ मध्ये स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. भुकेल्यांसाठी जन्मलेल्या या सरकारी संस्थेत आज यकृत-प्रत्यारोपण होते. मद्यपीचे यकृत उपासमारीने बिघडते की मद्याने, हा वैद्यकातला जुना वादही भूक आणि यकृत यांच्याभोवतीच फिरत होता.

मद्रास प्रांतात राजाजींच्या सरकारने १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली. १९४८ पर्यंत ती प्रांतभर पसरली. पाठोपाठ १९४९ मध्ये मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा आला. या कायद्यांमागे नीतीचा आणि उद्ध्वस्त संसारांचा विचार होता. विज्ञानाचा कौल मात्र त्या वेळी उलट दिशेला झुकला होता. त्याच १९४९ साली इन्सुलिनच्या शोधातील एक मानकरी चार्ल्स बेस्ट आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मद्याइतक्याच उष्मांकाची साखर दिली तरी यकृत बिघडते आणि कोलीन दिल्यास ते वाचते, असे त्यांना आढळले. दोष मद्याचा नसून निकृष्ट आहाराचा, असा अर्थ सर्वत्र घेतला गेला.

या प्रयोगात एक अडचण होती. पाण्यात मिसळलेले मद्य उंदीर फारसे पीत नाहीत. चार्ल्स लीबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी १९६० च्या दशकात सकस द्रवआहारातच मद्य मिसळले, तेव्हा पोषण पुरेसे असूनही यकृतात चरबी साचली. १९६८ मध्ये रुबिन आणि लीबर यांनी पुरेशी प्रथिने घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या यकृतातही तसाच बदल दाखवला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशींतील तंतुकणिका आणि आंतर्द्रव्यजालिका विकृत झालेल्या दिसल्या.

कारण हळूहळू उलगडले. यकृतात मद्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते. हा क्रियाशील रेणू प्रथिनांना चिकटतो. पेशीतील सूक्ष्मनलिका ज्यापासून बनतात ते ट्युब्युलिनही त्यातून सुटत नाही. या नलिका म्हणजे पेशीतील मालवाहतुकीचे रूळ. ते विस्कळीत झाले की रक्तात जाणारी प्रथिने आणि चरबी पेशीतच अडकतात व पेशी फुगते. बॉस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ फ्रँक मॅलरी यांनी १९११ मध्येच अशा यकृतपेशींत विचित्र गोळे पाहिले होते. ते पेशीच्या सांगाड्यातील केराटिन तंतूंचे गुंते आहेत, हे कळायला अनेक दशके लागली.

म्हणून आहार गौण ठरत नाही. कुपोषण ही हानी वाढवतेच. परंतु 'चांगले खाल्ले की दारू बाधत नाही' हा समज मात्र टिकत नाही. पेजेचा हौद भूक भागवू शकतो. पेशीतले मोडलेले रूळ मात्र मद्य थांबवल्याशिवाय सावरत नाहीत.