कुलूपबंद बाग आणि छाटलेला ओक

कुमारवयीन वाचकांसाठीच्या इंग्रजी कादंबरीत मनावरील आघातातून सावरणे हे झाडाझुडपांच्या वाढीतून सुचवण्याचा प्रघात शतकाहून जुना असला, तरी त्या प्रतीकाशी जोडलेली गुपिताची कल्पना या काळात जवळजवळ उलटी झाली.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सीक्रेट गार्डन’ ही कादंबरी १९११मध्ये पुस्तकरूपाने येण्यापूर्वी ‘द अमेरिकन मॅगझिन’ या प्रौढांच्या मासिकात क्रमशः छापली गेली होती. बर्नेट यांचा थोरला मुलगा लायनेल १८९०मध्ये क्षयाने दगावला. पुढे केंटमधील ग्रेट मेथम हॉल येथे राहत असताना त्यांनी जोपासलेली, भिंतींनी वेढलेली गुलाबाची बाग या कथेला आधार ठरली. कथेतील मेरी हिंदुस्थानात पटकीच्या साथीत पोरकी होते आणि यॉर्कशरला आत्याच्या यजमानांकडे येते. आत्या बागेतील झाडाची फांदी मोडून पडल्यामुळे गेलेली असते आणि त्या दुःखाने यजमानांनी दहा वर्षे बागेला कुलूप लावलेले असते. म्हणजे जिथे घाव बसला, तीच जागा औषध होते. वाळक्या दिसणाऱ्या गुलाबाच्या फांदीला मेरीचा मित्र डिकन चाकूने चीर देऊन आतला हिरवा गाभा दाखवतो, तो प्रसंग कादंबरीचे मर्मच म्हणावा लागेल. मात्र मेरीच्या आईवडिलांच्या मृत्यूविषयी मुले मनमोकळे बोलत नाहीत, अंथरुणाला खिळलेला आतेभाऊ कॉलिन चालू लागल्याचेही घरापासून लपवले जाते, आणि हे लपवणेच येथे गुणकारी ठरते.

त्यानंतर बरेच काही बदलले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९५७मध्ये तरुण वाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभाग केला, एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’ने १९६७मध्ये या वयाच्या वाचकांपुढे हिंसा उघडपणे मांडली, आणि आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे भीषण प्रसंगाच्या आठवणी व भीती दीर्घकाळ छळत राहण्याची अवस्था, १९८०मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत दाखल झाला.

लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या ‘स्पीक’ (१९९९) या कादंबरीतील मेलिंडा बलात्कारानंतर जवळजवळ मुकी होते. चित्रकलेच्या तासाला तिच्या वाट्याला ‘झाड’ हा विषय येतो आणि वर्षभर तिचे झाड काही साधत नाही: जलरंगात ती वीज पडलेली झाडे रंगवते, लिनोलियमच्या ठोकळ्यावर झाड कोरू पाहते. इंग्रजीच्या वर्गात कादंबरीकार हॉथॉर्नच्या प्रतीकांचा कीस काढला जात असताना तिला त्यात सांकेतिक भाषा उलगडण्याची थोडी मजा वाटते, हा लेखिकेने स्वतःच्याच तंत्राकडे केलेला इशारा मोठा खुमासदार आहे. अंगणातील ओकच्या रोगट फांद्या छाटल्या जातात, तेव्हा झाड वाचवण्यासाठीच ही छाटणी असल्याचे वडील सांगतात. बर्नेट यांच्या बागेशी येथे खरे नाते दिसते, पण आडोशाचे मोल पालटलेले असते, कारण मेलिंडाने शाळेतील ज्या अडगळीच्या खोलीत आसरा घेतलेला असतो, तिथेच अत्याचारी तिला पुन्हा गाठतो. तेव्हा ती ओरडते, प्रतिकार करते, आणि झाडाचे चित्र पूर्ण झाल्यावर घडलेले शिक्षकांना सांगू लागते. वीस वर्षांनी, २०१९मध्ये, अँडरसन यांनी ‘शाउट’ या पद्यबद्ध आत्मकथनात आपण तेरा वर्षांच्या असताना आपल्यावर झालेल्या बलात्काराविषयी कोणत्याही कल्पित पात्राच्या आडोशाविना लिहिले.