दुरुस्तीचं बलुतं

कोल्हापुरी चपलेचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता मिरवली, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि वर्षअखेरीला त्या कंपनीनं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. अथणी, मदभावी, निपाणीच्या कारागिरांची कला जगाला कळली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण हे सगळं नवी चप्पल करणाऱ्यांबद्दल झालं. तुटलेला अंगठा, उसवलेला तळ, बुरशी चढलेला बूट ज्याच्यापुढे येऊन पडतो, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मी उचगावच्या चर्मकाराच्या घरातला. आज्जानं जन्मभर मोटा शिवल्या, वडिलांनी बेळगावच्या कॅम्पात शिपायांचे बूट सांधले. मी बँकेतून निवृत्त झालो, पण रापी आणि आरी हातातून सुटलेली नाही. आमच्या घरात नवा जोडा क्वचित व्हायचा, चूल पेटायची ती दुरुस्तीवर. गावोगावच्या चर्मकारांच्या घरी चौकशी करा, बहुतेकांचं असंच निघेल. म्हणून हा इतिहास दुरुस्तीच्या बाजूनं सांगायला हवा.

आज्जाच्या काळात गावातलं मुख्य काम पायताणाचं नव्हतंच, मोटेचं होतं. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्याकडेचं. तांबडी माती. पावसाळ्यात भात आणि रताळी. उन्हाळ्यात मळ्यात भाजी किंवा ऊस उभा ठेवायचा तर विहिरीवर मोट हवीच. बैल धावेवरून उतरले की कातड्याची भरलेली मोट वर यायची. जाड नाडा तिला पेलायचा, बारीक सोंदूर तिची सोंड ओढून धरायचा आणि पाणी थारोळ्यात ओतलं जायचं. चैत्रात मोट फाटली तर मळेकरी धावत आमच्या दारात यायचा, कारण एक दिवस पाणी चुकलं तरी वाफे माना टाकत. आज्जा हातातला घास ठेवून उठायचा.

मोटेचं ठिगळ दोऱ्यानं शिवत नसत. कातड्याचीच बारीक वादी कापून, ती भिजवून, आरीनं पाडलेल्या भोकातून ओढायची. भोक वादीपेक्षा अंमळ लहान हवं. मोट पाण्यात गेली की वादी फुगते आणि भोक आपोआप गच्च होतं. दोरा असता तर तिथूनच पाणी झिरपलं असतं आणि महिन्याभरात कुजला असता. मोट सुटली की तिला करंजाचं किंवा एरंडाचं तेल चोळायचं, म्हणजे उन्हात वाळून तडकत नाही. हे कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पुढे आमच्या घरानं बुटांची जी दुरुस्ती केली, तिची सगळी अक्कल या मोटेतून आलेली आहे.

या कामाचा मोबदला रोख नसे. सुगी झाली की खळ्यावर भाताचं बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही सगळी व्यवस्था तपशिलानं मांडली आहे. आज काही लोक बलुत्याबद्दल मायेनं बोलतात, मला ते पटत नाही. खळ्यावर आज्जाला लांब उभं राहावं लागे आणि पायलीत किती पडायचं ते देणाऱ्याच्या मनावर असे. वर्षभर ज्याच्या मोटेमुळे मळा भिजला, तोच माणूस शेवटी हात पसरून उभा. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली बलुत्याचं हे बंधन काढलं. आमचं गाव इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात, त्यामुळे तो हुकूम इकडे लागू नव्हता. आमच्याकडे बलुतं संपलं ते तेलाचं इंजिन आणि मग विजेची मोटर विहिरीवर आल्यावर. मोट गेली तसं बलुतंही गेलं, आणि आज्जाच्या हाताला काम उरलं नाही.

कातडं आमच्याकडे ढोर समाजाच्या लोकांकडून यायचं. कमावण्याचं काम त्यांचं, कापण्या-शिवण्याचं आमचं. चुन्याच्या खड्ड्यात केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी. शेवटी कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात साल-हिरडा भरून टांगून ठेवायची, म्हणजे रस हळूहळू आतून बाहेर पाझरतो. महिन्याच्या वर काम चालायचं. या भागातला त्या समाजाचा वारसा मोठा आहे. बाराव्या शतकातले शरण कक्कय्या यांची समाधी आपल्याच खानापूर तालुक्यात कक्केरीला आहे. ते बसवण्णांच्या मेळ्यातले, आणि त्याच मेळ्यात चर्मकार हरळय्या होते. बसवण्णांनी हरळय्यांच्या नमस्काराला दोनदा उत्तर दिलं, ते ऋण फेडायला हरळय्या आणि कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, अशी कथा आहे. पुढे त्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातल्या मुलीशी झालं आणि त्यासाठी राजा बिज्जळाच्या राजवटीत हरळय्यांना जीव द्यावा लागला. आमच्या घरी संत रोहिदासांच्या शेजारी ही गोष्टही सांगितली जायची. सीमाभागात जन्मल्याचा हा फायदा, दोन भाषांतले संत वाट्याला येतात.

मोट गेल्यावर वडील सायकल काढून सुळगा, हिंडलगा करत कॅम्पात जाऊ लागले. बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ साली घेतला, पुढे कॅम्प वसला, आणि १९२२ पासून मराठा पलटणीचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे. दरवर्षी शेकडो रिक्रूट, प्रत्येकाला बूट, आणि परेडमध्ये बुटात तोंड दिसलं पाहिजे ही शिस्त. बोटाला कापड गुंडाळायचं, किवी किंवा चेरी ब्लॉसमचा पातळ हात घ्यायचा, पाण्याचा एक थेंब आणि लहान लहान गोल फिरवत थरावर थर. मेण कातड्याची छिद्रं बुजवतं आणि काच चढते.

वडिलांचा त्या चकाकीवर राग नव्हता, तिच्याखाली काय चाललंय याची त्यांना काळजी असायची. वर्षभर मेण चढत राहिलं आणि आत तेल गेलं नाही की कातडं घडीवर तडकतं, बहुतेक चवड्याच्या वळणावर. बूट हातात आला की ते आधी अंगठ्यानं ती घडी दाबून बघायचे. मला म्हणायचे, “आधी बघ, कातडं मेलंय की झोपलंय.” घडी उघडल्यावर आत तंतू ओलसर, लवचीक दिसले तर झोपलंय. भुकटी पडली तर मेलंय, मग त्याच्यावर पैसे घेणं पाप.

झोपलेल्या बुटाला ते असं उठवायचे. नाडी काढायची, जीभ बाहेर ओढायची. शिलाईच्या खाचेतली माती काडीनं काढायची, कारण तीच माती पुढे दोरा कापते. जुनं मेण टर्पेंटाइनच्या फडक्यानं उतरवायचं, सॅडल सोपच्या फेसानं पुसायचं, पाणी ओतायचं नाही. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचा. थोडा दमटपणा शिल्लक असतानाच तेलाचा पातळ हात द्यायचा, कारण पाणी उडत जातं तसं तेल तंतूत शिरतं. रात्रभर तसाच. दुसऱ्या दिवशी शिलाई, मग तळ, आणि पॉलिश अगदी शेवटी. चीर असेल तर तिच्या कडा कागदानं घासून बसवायच्या, आतून पातळ बकऱ्याच्या कातड्याचं ठिगळ लावायचं आणि वरून मेण भरायचं. चीर जुळून येत नाही, वाढायची थांबते, आणि गिऱ्हाइकाला ते तसंच सांगायचं, हा त्यांचा नियम.

कोल्हापुरीला हेच उपाय चालत नाहीत. बूट बहुधा क्रोममध्ये कमावलेल्या कातड्याचा असतो. ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी-अमेरिकेत निघाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमार्गे इकडे रुजली. आपली चप्पल साल-हिरड्याची. ती ओली असताना चुलीजवळ ठेवली तर ७०-८० अंशांच्या उष्णतेला आकसून लाकडासारखी होते, आणि मग कुणालाही सरळ करता येत नाही. आमच्या बाजूचा पाऊस जबर, चपला बिघडतात त्या पावसापेक्षा त्या वाळवण्याच्या घाईनं. बुरशी आली तर अंगणात नेऊन कोरड्या फडक्यानं पुसावी, घरात झटकू नये. कोवळं ऊन दाखवावं. वेणी उसवली असेल तर सगळी काढून नव्यानं घालावी, मधेच गाठ मारली तर तिथं पायाला घट्टा पडतो. आमच्याकडे वेणी आईकडे असायची. वेणीचं काम सगळीकडे बायकांनीच ओढलंय, आणि त्याची मजुरी वेगळी मोजलेली मी पाहिली नाही.

या चपलेवर कधी कधी शाईसारखे काळे डाग पडतात. लोक म्हणतात रंग उतरला. तसं नसतं. चपलेत कुणी लोखंडी खिळा मारलेला असतो, तो पावसात गंजतो, आणि हिरडा-बाभळीतलं टॅनिन त्या लोखंडाला धरून काळं पडतं. जुने कारागीर हीच गोष्ट मुद्दाम करत. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे, लोखंडाचे तुकडे आंबवत ठेवायचे आणि त्यातून झालेला काट चोळून चप्पल काळी करायची. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसानं फिकट होतो. नंतर मात्र ओल्या फडक्यानं आंबटपणा पुसून तेल द्यायला हवं, नाहीतर डाग जातो आणि कातडं कोरडं पडतं. आणि खिळा काढून तिथं वादीची शिलाई घालायची. खिळा तसाच ठेवून डाग पुसणारा माणूस पुढच्या पावसात पुन्हा तेच काम करतो.

बाटा १९३० च्या दशकात हिंदुस्थानात आला, पुढे रबरी हवाई चप्पल आली, मग चिकटवलेल्या तळाचे बूट. आता कॅम्पातल्या दुरुस्तीवाल्याच्या पेटीत आरीपेक्षा सोल्यूशनचा डबा जास्त उघडतो. अस्सल तळाचं कातडंही सहज मिळत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली आणि कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून सगळा भार म्हशीच्या कातड्यावर आहे.

मुलांनी हा धंदा सोडला याचं मला दुःख नाही. १९२५ साली निपाणीला बहिष्कृत परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. त्यांच्या चळवळीनं आमच्यासारख्यांच्या घरात शाळेची वाट उघडली, आणि मी बँकेच्या खुर्चीत बसलो तो त्याच वाटेनं. जातीनं लादलेलं काम सुटलंच पाहिजे. पण कामातलं ज्ञान जातीनं दिलेलं नव्हतं. ते आज्जासारख्यांनी उपाशीपोटी स्वतः कमावलं होतं. जात जाताना ते ज्ञानही कचऱ्यात जावं, हे मला मान्य नाही. नव्या चपलेला मानांकन, प्रशिक्षण, प्रदर्शनं मिळाली, ती मिळायलाच हवीत. दुरुस्तीकडे तेवढं लक्ष गेलं नाही, आणि ती करणारा आजही गटारीच्या कडेला छत्रीखाली बसतो.

दोन्ही राज्यांच्या महामंडळांना माझं सांगणं आहे की प्रशिक्षणात दुरुस्तीचा भाग घाला आणि शिकवायला रस्त्यावर बसणाऱ्या जुन्या माणसाला मानधन देऊन बोलवा. नगरपालिकांनी त्याला सावलीची पक्की जागा द्यावी. आणि तुमच्या घरी चामड्याचा चांगला जोडा असेल तर तो पूर्ण फाटायची वाट बघू नका, मिरग लागायच्या आधी त्याच्याकडे न्या, दोन दिवस त्याच्याकडे राहू द्या, आणि तो मागेल ते पैसे घासाघीस न करता द्या.