होमिओपॅथी जर्नलला रिसर्च पेपर कसा पाठवायचा? तयारीपासून सबमिटपर्यंत संपूर्ण माहिती

बीएचएमएस किंवा एम.डी. करणारे बरेच वाचक मला एकच प्रश्न विचारतात: "केस चांगली आहे, डेटा आहे, पण पेपर जर्नलला पाठवायचा कसा?" मी डॉक्टर नाही. फाइल, फोन आणि वेबसाइट हे माझं क्षेत्र. पण पेपर परत येण्याची काही कारणं याच क्षेत्रातली असतात: धूसर फोटो, चुकीची फाइल, राहिलेला नोंदणी क्रमांक. म्हणून या लेखात आपण सगळी प्रक्रिया क्रमाने बघू.

कोणती जर्नल्स आहेत?

दोन नावं माहीत हवीत. पहिलं, केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषदेचं (सीसीआरएच, नवी दिल्ली) "इंडियन जर्नल ऑफ रिसर्च इन होमिओपॅथी". दुसरं, लंडनच्या फॅकल्टी ऑफ होमिओपॅथीचं "होमिओपॅथी". हे १९११ साली "ब्रिटिश होमिओपॅथिक जर्नल" या नावाने सुरू झालं आणि २०१८ पासून थीमे ही प्रकाशन संस्था ते काढते. बीएचएमएसच्या विद्यार्थ्यांनी सीसीआरएचची "शॉर्ट टर्म स्टुडंटशिप इन होमिओपॅथी" ही योजनाही बघून ठेवा. छोटा अभ्यास शिस्तीत करून बघायची ती चांगली संधी आहे.

आधी हे समजून घ्या: तुमचा पेपर कोण तपासणार?

३० सी पोटेन्सी म्हणजे मूळ पदार्थ एकावर साठ शून्यं इतक्या प्रमाणात विरळ केलेला असतो. १२ सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता फार कमी, हे ॲव्होगाड्रो अंकावरून कळतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारासाठी मिळत नाही. होमिओपॅथीच्या संघटनांनी त्या अहवालाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, पण वैद्यकीय संशोधनाच्या मुख्य प्रवाहाचं मत आजही तसंच आहे.

मी हे कुणाला खिजवण्यासाठी सांगत नाही. तुमचा पेपर छापून आला की तो शंका घेणारा माणूसही वाचणार आहे, आणि त्याला उत्तर द्यायला नीट लिहिलेली पद्धत आणि खरा डेटा एवढंच तुमच्या हातात असतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्यातल्या संशोधकांचा ऱ्हस टॉक्सवरचा पेपर २०१८ मध्ये "सायंटिफिक रिपोर्ट्स" या मोठ्या जर्नलमध्ये आला. २०१९ मध्ये जर्नलने तो मागे घेतला. कारणं अशी दिली: काही आकृत्या दोनदा वापरल्या गेल्या होत्या, औषधात नेमकं काय किती आहे हे माहीत नव्हतं, आणि वापरलेल्या मॉडेलवरून मुख्य निष्कर्ष निघत नव्हता. आकृत्यांचं फोल्डर नीट ठेवणं किती महत्त्वाचं आहे, हे यावरून लक्षात येईल.

पायरी १: परवानग्या

ही कामं अभ्यास सुरू होण्याआधी करायची असतात. मागाहून करता येत नाहीत.

- एथिक्स कमिटीची मंजुरी: कॉलेजच्या समितीकडून घ्या. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख पेपरमध्ये लिहावी लागते.
- सीटीआरआय नोंदणी: रुग्णांवर चाचणी करणार असाल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. त्यासाठी फी नाही. आयुषच्या चाचण्यांचीही नोंदणी इथेच होते.
- रुग्णाची लेखी संमती: रुग्णाला समजेल अशा भाषेत, म्हणजे बहुतेक वेळा मराठीत. उपचाराची संमती आणि फोटो-माहिती छापायची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी संमतीपत्र टाइप करताना कृतिदेव किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरू नका. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. जीबोर्डवर मराठी युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करून ठेवा.

पायरी २: जर्नल खरं आहे का?

"सर, आपला लेख ४८ तासांत प्रकाशित होईल" असा मेसेज आला की सावध व्हा. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा सुळसुळाट आहे. त्यात पैसे तर जातातच, शिवाय तोच पेपर नंतर चांगल्या जर्नलला देता येत नाही. फोनवर पाच मिनिटांत एवढं तपासा:

- आयएसएसएन हा फक्त ओळख क्रमांक आहे, दर्जाची खूण नाही. तो खरा आहे का आणि त्याच नावाचा आहे का, हे आयएसएसएन पोर्टलवर दिसतं.
- जुन्या अंकातल्या एखाद्या लेखाचा डीओआय उघडून बघा. तो त्याच लेखावर जायला हवा.
- खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी देते. "ग्लोबल", "युनिव्हर्सल" अशी विशेषणं लावलेले आकडे बघून भुलू नका.
- संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर शोधा.
- खरं जर्नल असलं तरी लिंक व्हॉट्सॲपवरून उघडू नका. नामांकित जर्नलांच्या हुबेहूब नकली साइट्स असतात.

अजून एक गोष्ट. यूजीसीने आपली केअर लिस्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे "यूजीसी केअर मान्यताप्राप्त" असा शिक्का दाखवून आज कुणी फी मागत असेल तर त्याला काही अर्थ नाही.

पायरी ३: पेपरचा प्रकार आणि चेकलिस्ट

- केस रिपोर्ट: केअर ही मार्गदर्शक सूची, आणि तिचा होमिओपॅथीसाठीचा विस्तार "होम-केस".
- यादृच्छिक चाचणी: कन्सॉर्ट, आणि होमिओपॅथीच्या तपशिलांसाठी त्याला जोडलेली "रेडहॉट" सूची.
- सिस्टिमॅटिक रिव्ह्यू: प्रिझ्मा.

या सूच्या मोफत मिळतात. आधी सूची उघडा, मग लिहायला बसा. औषधाचं नुसतं नाव पुरत नाही. पोटेन्सी, डोस, किती वेळा दिलं, कोणत्या कंपनीचं आणि बॅच क्रमांक काय, हे सगळं लिहा. रेपर्टरायझेशन केलं असेल तर कोणते रुब्रिक्स घेतले, कोणतं सॉफ्टवेअर आणि कोणती आवृत्ती, हेही हवं.

केस रिपोर्टमध्ये सुधारणेचं श्रेय औषधाला देताना "मोनार्क" म्हणजे सुधारित नारांजो निकष वापरले जातात. पण गुण कितीही आले तरी एका रुग्णावरून "हे औषध या आजारावर चालतं" असं लिहिता येत नाही. आजार आपोआप बरा झाला असेल, सोबत दुसरी औषधंही चालू असतील. ती लपवू नका, तारखांसकट लिहा.

हे एवढं ताणून का सांगतोय? कारण पेपर छापून आल्यावर त्याच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर फिरतो. "रिसर्चने सिद्ध झालंय" असं वर लिहून कुणीतरी तो पुढे ढकलतं. त्यावर विसंबून एखाद्याने डायबेटिसची गोळी किंवा कॅन्सरचे उपचार थांबवले, तर नुकसान त्या माणसाचं होतं. म्हणून निष्कर्षाचं वाक्य असं लिहा की स्क्रीनशॉटमध्ये एकटं वाचलं तरी त्यातून भलता अर्थ निघू नये.

पायरी ४: फोटो, म्हणजे आपल्या फोनचं काम

बरीच जर्नल्स ३०० डीपीआय मागतात. याचं गणित सोपं आहे. पानाचा एक कॉलम साधारण साडेआठ सेंटीमीटर रुंद धरला, तर सुमारे १००० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला साधारण ४००० पिक्सेल असतात. म्हणजे तुमचा फोन पुरेसा आहे, फोटो खराब होतो तो पाठवताना.

- व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा.
- पण इथे एक मेख आहे! डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत फोटोची छुपी माहितीही तशीच जाते. त्यात तारीख असते, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. रुग्णाच्या घरी काढलेला फोटो असेल तर त्याच्या घराचा पत्ताच गेला. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा. आयफोनवर शेअर करताना वर "ऑप्शन्स" दिसतं, तिथून लोकेशन काढता येतं.
- डोळ्यांवर काळी पट्टी लावली म्हणजे ओळख लपली असं होत नाही. वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती (आयसीएमजेई) हा उपाय अपुरा मानते. त्वचेवरचा चट्टा दाखवायचा असेल तर तेवढाच भाग क्रॉप करा.
- रिपोर्टवरचं नाव, केस पेपर नंबर, मोबाइल नंबर काढून टाका. मार्करने रंगवून भागत नाही, फिकट रेघेखालचं नाव ब्राइटनेस वाढवला की वाचता येतं. तो भाग कापूनच टाका.
- फिल्टर, ब्यूटी मोड, एआय एन्हान्स बंद. आधीचा आणि नंतरचा फोटो सारख्याच उजेडात, सारख्याच अंतरावरून काढा.
- मूळ फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात तारीख घालून ठेवा. संपादक कधीही मागू शकतात.

पायरी ५: लेखकांची नावं आणि ऑर्किड

आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेला. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, आणि लग्नानंतर काही जणींचं सगळंच बदललेलं. मग एकाच व्यक्तीचे पेपर तीन वेगळ्या नावांवर दिसतात. यावर उपाय म्हणजे ऑर्किड आयडी. १६ अंकी, मोफत आणि कायमचा. कॉलेजच्या नाही, स्वतःच्या ईमेलने काढा, कारण कॉलेजचा ईमेल पास झाल्यावर बंद होऊ शकतो.

लेखक कोणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे चार निकष आहेत: कामात ठोस वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण हवेत. फक्त विभागप्रमुख आहेत म्हणून नाव टाकणं यात बसत नाही. सरांना हे तोंडावर सांगणं अवघड जातं, मला कल्पना आहे. अशा वेळी जर्नलचा फॉर्मच पुढे ठेवा. त्यात प्रत्येकाने काय काम केलं ते लिहून द्यावं लागतं. बाकीच्यांचे आभार मानता येतात.

चॅटजीपीटीसारख्या टूलला लेखक करता येत नाही. वापर केला असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं सांगा. रुग्णाची माहिती चॅटबॉटमध्ये टाकू नका. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून तपासा, कारण ही टूल्स अस्तित्वातच नसलेले पेपर बिनदिक्कत सुचवतात.

पायरी ६: सबमिट

१. जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना पूर्ण वाचा. शब्दमर्यादा, गोषवाऱ्याचे भाग आणि संदर्भाची पद्धत (बहुधा व्हँकुव्हर) तिथेच असते. संदर्भांसाठी झोटेरो हे मोफत टूल वापरा.
२. टायटल पेज वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मुख्य फाइलमध्ये लेखकांची नावं नकोत, कारण बऱ्याच जर्नल्समध्ये तपासनिसाला लेखक कोण ते कळू देत नाहीत. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही तुमचं नाव असतं. लॅपटॉपवर "इन्स्पेक्ट डॉक्युमेंट" चालवून ते काढा.
३. कव्हर लेटर, नैतिक मंजुरी, हितसंबंधांचं निवेदन आणि निधीची माहिती तयार ठेवा.
४. पोर्टलवर खातं उघडा आणि फाइल्स क्रमाने चढवा. शक्यतो लॅपटॉप वापरा. फोनच असेल तर क्रोममध्ये "डेस्कटॉप साइट" चालू करा.
५. शेवटी पोर्टल एक पीडीएफ बनवून दाखवतं. ती पूर्ण वाचल्याशिवाय मान्यता देऊ नका. तक्ते बहुतेक इथेच तुटलेले दिसतात.
६. मिळालेला मॅन्युस्क्रिप्ट नंबर जपून ठेवा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच वेळी दोन जर्नलला पाठवू का?
नाही. एकाकडून नकार आल्यावर किंवा तुम्ही पेपर रीतसर मागे घेतल्यावरच दुसरीकडे पाठवा.

"मेजर रिव्हिजन" आलं म्हणजे नापास का?
अजिबात नाही. तपासनिसाचा प्रत्येक मुद्दा क्रमाने लिहा, खाली तुमचं उत्तर आणि बदल कोणत्या पानावर केला ते द्या. मुद्दा पटला नाही तर कारण देऊन नम्रपणे सांगा.

औषधाचा फरकच दिसला नाही, तरी पाठवू?
हो, नक्की पाठवा. फक्त चांगले निकाल छापले गेले तर सगळ्यांचीच दिशाभूल होते, आणि तीच चाचणी पुन्हा करण्यात दुसऱ्या विद्यार्थ्याचं वर्ष जातं. नोंदणी केलेल्या चाचणीचा निकाल काहीही आला तरी तो लोकांसमोर यायला हवा.

थिसिस तसाच पाठवला तर चालेल?
नाही. थिसिस लांबलचक असतो, पेपरला एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर हवं. आधी निकालांचे तक्ते निवडा, मग त्यांच्याभोवती बाकीचं लिहा.

तर मित्रांनो, आज एवढंच करा: ऑर्किड आयडी काढा आणि कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम आहे. पेपर पाठवताना कुठे अडलात तर खाली कमेंटमध्ये विचारा, पण रुग्णाची कोणतीही माहिती तिथे लिहू नका.